जागेची बाधा

जागेची बाधा म्हणजे एखाद्या ठिकाणी पूर्वी घडलेल्या अपमृत्यू, खून, आत्महत्या, लढाई वा घोर अन्याय अशा घटनांचा अनिष्ट अंश तेथेच उरतो आणि पुढे त्या ठिकाणी राहणाऱ्या किंवा तेथून ये-जा करणाऱ्या माणसांना त्रास देतो, ही लोकसमजूत होय. ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. कोकणात तिला विशेष तपशीलवार रूप मिळाले आहे. प्रस्तुत लेखात तिचा विचार मुख्यतः रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीच्या, म्हणजे उरणपासून सावित्रीच्या खाडीपर्यंतच्या प्रदेशाच्या आधारे केला आहे. (१९८१ पूर्वी या जिल्ह्याचे नाव कुलाबा असे होते.) असा काही अंश माती, दगड, पाणी वा हवा यांत साठून राहतो, हे कोणत्याही मोजमापाने सिद्ध झालेले नाही. समजुतीचे परिणाम मात्र प्रत्यक्ष दिसतात. घरे पडीक राहतात, जमिनी कवडीमोलाने जातात, आजारी माणूस दवाखान्याऐवजी भगताकडे नेला जातो, आणि काही वेळा संपूर्ण समाजाला ‘विटाळ’ ठरवून पाण्यापासून दूर ठेवले जाते.

संज्ञा

बोलीत या समजुतीला एक ठरावीक नाव नाही. ‘ती जागा चांगली नाही’, ‘तिथे काहीतरी आहे’, ‘वास्तू लाभत नाही’, ‘जागा राखणीची आहे’ अशा मोघम वाक्यांतच ती बहुधा व्यक्त होते, कारण भुताचे नाव घेतले की ते जागे होते, असाही समज आहे. माणसाला अशा जागेचा उपद्रव झाला की त्याला ‘लागीर झाले’, ‘बाहेरचे लागले’, ‘झपाटले’ असे म्हणतात. ‘वास्तू तथास्तु म्हणत असते’ हे घरोघरी ऐकू येणारे वचन याच कल्पनेचे सौम्य रूप आहे. घरात बोललेले बरेवाईट शब्द घर ऐकते व खरे करते, असा त्याचा आशय.

सुतक आणि विटाळ या कल्पना बाधेला जवळच्या असल्या तरी वेगळ्या आहेत. सुतक ठरावीक दिवसांनी फिटते, ते मृताच्या आप्तांना लागते आणि त्याला शास्त्राने आखून दिलेला शेवट असतो. बाधेला असा शेवट नसतो व ती नातेसंबंध पाहत नाही. परका वाटसरूही तिच्या तावडीत सापडतो. धनिष्ठापंचकासारख्या अशुभ मानलेल्या काळात मृत्यू घडल्यास घर काही काळ सोडून राहण्याची प्रथा या दोहोंच्या सीमेवर येते.

‘नकारात्मक ऊर्जा’ हा शब्दप्रयोग अलीकडचा. वास्तुविषयक सल्लागार, वृत्तपत्रांतील सदरे व दूरचित्रवाणी यांच्याद्वारे तो गेल्या काही दशकांत रूढ झाला. भौतिकशास्त्रात ऊर्जा ही मोजता येणारी राशी आहे व तिचे एकक ज्यूल आहे. एखाद्या खोलीत जुन्या भांडणाची ऊर्जा किती ज्यूल उरली, हे सांगण्याची पद्धत कोणाजवळही नाही. शब्द शास्त्राचा व आशय जुनाच, असा हा प्रकार असून सुशिक्षितांना ‘भूत’ म्हणताना जो संकोच वाटतो, तो या शब्दाने दूर होतो.

समजुतीची घडण

कोकणातील भूतकल्पनांची पहिली मोठी नोंद शाळामास्तरांच्या हातून झाली. नाशिकचे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी प्रश्नावली तयार करून ती ठिकठिकाणच्या शिक्षकांकडे पाठविली होती. १९०९ मध्ये जॅक्सन यांची हत्या झाल्यावर आर. ई. एन्थोवेन यांनी ही सामग्री संपादित केली व तिचा कोकणविषयक खंड १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तरे देणाऱ्यांत कुलाबा जिल्ह्यातील शिक्षकही होते. गावात ऐकलेले त्यांनी जसेच्या तसे लिहून दिले, आणि त्यामुळेच आज या विषयाचा अभ्यास करता येतो.

या नोंदी आणि मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) एकत्र वाचले असता एक गोष्ट ध्यानात येते. भुताचा प्रकार मृत्यूच्या प्रकारावरून ठरतो आणि त्याची जागाही त्यावरूनच ठरते. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. वासना अडकलेल्या ब्राह्मणाचा समंध होतो व तो आपले घर, बाग किंवा पुरलेले धन राखतो. बाळंतपणात मेलेली स्त्री अळवंत वा हडळ होते. पाण्यात बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो व तो खाडीकाठी, डोहात, विहिरीत वास करून माणसाला खोल पाण्यात ओढतो. खवीस हा मुसलमान किंवा हबशी मृताचा मानला जातो. ज्या किनाऱ्यावर जंजिऱ्याच्या सिद्दींची सत्ता काही शतके टिकली, तेथे भयाला शेजाऱ्याचा चेहरा यावा, यात आश्चर्य नाही. थोडक्यात, भुतांची यादी ही समाजाचीच यादी आहे. जात, धर्म, स्त्रीचे स्थान आणि अपुरे राहिलेले संस्कार या साऱ्यांची तीत नोंद होते.

जागेशी जोडलेली प्रत्येक अदृश्य शक्ती वाईट मानली जात नाही, हेही येथे सांगणे आवश्यक आहे. गावाच्या सीमेवरचा राखणदार, देवराईतला देव, बागेतला ‘जागेवाला’ यांना वर्षाकाठी नारळ वा कोंबडा दिला की ते पिकाचे व गुरांचे रक्षण करतात, अशी श्रद्धा असते. अलिबागजवळच्या थळ गावासमोरील खांदेरी बेट हे याचे बोलके उदाहरण होय. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी या बेटावर तटबंदी उभारण्यास आरंभ केला, तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि सिद्दी यांनी विरोध केला व बेटाभोवतीच्या समुद्रात लढाई झाली. पुढे जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने लगतच्या उंदेरीचा ताबा घेतला व ही दोन बेटे दीर्घकाळ एकमेकांवर तोफा रोखून राहिली. अशा रक्तपाताच्या ठिकाणी आज वेताळाचे देऊळ आहे. वेताळ म्हणजे भुतांचा अधिपती. पण कोळी बांधवांच्या दृष्टीने तो दर्यावरचा पाठीराखा आहे व त्याला नवस बोलले जातात. २०२५ मध्ये खांदेरीचा समावेश ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

किती माणसे मेली यावर जागेची कीर्ती ठरत नाही, हे कोर्लईवरूनही दिसते. रेवदंड्याच्या खाडीमुखावरील या टेकडीवर १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी निजामशाही सैन्याचा पराभव केला. पोर्तुगीज वृत्तांतांत मृतांची संख्या हजारोंत दिली आहे. ती फुगवलेली असली तरी कत्तल मोठी होती. आज कोर्लईचे नाव घेतले जाते ते दीपगृहासाठी, कोळीवाड्यासाठी आणि पायथ्याच्या वस्तीत टिकून राहिलेल्या पोर्तुगीज–मराठी मिश्र बोलीसाठी. मुरूडचा जंजिरा तर स्वातंत्र्यानंतरही काही दशके राहता होता. ज्या तटांनी वेढे व गोळामारी पाहिली, त्यांच्या आत संसार चालले.

‘रामदास’ आणि काशाचा खडक

रायगड किनाऱ्याच्या स्मृतीतील सर्वांत मोठा घाव १७ जुलै १९४७ चा आहे. त्या दिवशी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काशाच्या खडकाजवळ बुडाली व सहाशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. दिवस आषाढी अमावस्येचा होता. गावी निघालेल्या चाकरमान्यांची गर्दी होती. वादळी वारा, उसळत्या लाटा, बोटीत शिरलेले पाणी आणि घाबरून एका बाजूला धावलेले प्रवासी या साऱ्यांचा परिणाम होऊन ती कलंडली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. त्यामुळे मुंबईला वृत्त कळायला बराच वेळ गेला. रेवसकडील कोळ्यांनी आपल्या होड्यांतून बुडणाऱ्यांपैकी अनेकांना वाचविले. स्वातंत्र्याला जेमतेम महिना उरला होता व लवकरच देशाचे लक्ष दुसरीकडे गेले.

अलिबाग, पेण, उरण भागांत अशी अनेक घराणी आहेत, ज्यांचे कोणी ना कोणी त्या बोटीवर होते. बऱ्याच जणांचे मृतदेह मिळाले नाहीत. ज्याचा देह हाती येत नाही त्याच्यासाठी धर्मशास्त्रात पालाशविधी सांगितला आहे; पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी देतात. कायद्यातही अडचण होती. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ नुसार सात वर्षे कोणाला ज्याची खबर नाही, त्यालाच मृत मानता येत असे. देह नाही, अंत्यसंस्कार नाही आणि कागदही नाही, अशा स्थितीत मागे राहिलेल्यांना ‘तो अजून तिथेच आहे’ असे वाटत राहणे स्वाभाविक होते. बुडालेल्यांचा गिऱ्हा होतो, या कल्पनेचे मूळ पाण्यात शोधण्यापेक्षा किनाऱ्यावर वाट पाहत बसलेल्या माणसांत शोधणे अधिक योग्य ठरेल.

‘अमावस्या होती म्हणून बोट बुडाली’ हे स्पष्टीकरण आजही ऐकू येते. अमावस्येचा दर्यावर धाक असण्याला एक भौतिक बाजू आहे. अमावस्या व पौर्णिमा या दिवसांच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि भरती-ओहोटीतील अंतर वाढते. कोळी याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला भांग म्हणतात. मुंबई–अलिबाग परिसरात उधाणाच्या वेळी पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक वरखाली होते. आषाढातला वारा व उधाण एकत्र आले की लहान नौकांना धोका वाढतो, हे मच्छीमारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अनुभवातून आलेले हे ज्ञान पुढे ‘अमावस्या वाईट’ एवढ्याच वाक्यात आक्रसले आणि मग जमिनीवरच्या घरातही, जिथे भरतीचा संबंध नाही, ते लागू केले गेले.

हा जलमार्ग मात्र सोडला गेला नाही. भाऊचा धक्का ते रेवस लाँचसेवा पुढेही चालू राहिली आणि मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी वाहून नेणारी रो-रो बोटही सुरू झाली. त्याच पाण्यावरून रोज शेकडो माणसे अलिबागला जातात.

‘बळी घेणारे’ किनारे

अलिबाग, काशीद, मुरूड, श्रीवर्धन या किनाऱ्यांवर पर्यटक बुडण्याच्या घटना वारंवार घडतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड येथे सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडून मृत्यू पावले. अशा घटनांनंतर ‘ही जागा दरवर्षी बळी मागते’ असे म्हटले जाते. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा मृत्यू घडतात, हे निरीक्षण चुकीचे नसते. चुकते ते कारण. वाळूच्या चढ-उतारांमुळे अचानक वाढणारी खोली, ओहोटीच्या वेळी समुद्राकडे खेचणारा प्रवाह, पोहता न येणे, स्थानिकांचा इशारा न मानणे ही कारणे त्या जागी पूर्वीही होती व पुढेही राहतात. तेथे फलक, जीवरक्षक आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक यांची गरज असते. जागेला दोष दिला की या तिन्हींची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

हीच गोष्ट डोंगराकडच्या गावांना अधिक तीव्रतेने लागू पडते. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण येथे, २२ जुलै २०२१ रोजी त्याच तालुक्यातील तळिये येथे आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे दरडी कोसळल्या. एकट्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसे दगावली. इर्शाळवाडीत शोधकार्य थांबविण्यात आले तेव्हा अनेक जण ढिगाऱ्याखालीच होते. अशा गावठाणात परत न जाण्याचा लोकांचा निर्णय शोकातून आलेला असतो, तसा तो शहाणपणाचाही असतो. तीव्र उतार, झिजलेला खडक, त्यावरचा मातीचा जाड थर व अल्पावधीत पडलेला मुसळधार पाऊस यांमुळे तो डोंगर खरोखरच धोकादायक असतो. ‘धोकादायक’ आणि ‘बाधित’ हे दोन शब्द येथे एकच काम करतात असे वाटेल. पण धोकादायक जागेचे सर्वेक्षण करता येते व शेजारच्या वाडीला वेळेवर हलविता येते. बाधित जागेचे तसे काही करता येत नाही.

महाडचे चवदार तळे

जागेला घटनेचा डाग लागतो, ही कल्पना किती दूर जाऊ शकते याचे या जिल्ह्यातील सर्वांत ठळक उदाहरण भुताखेतांचे नाही. ते सावित्री खाडीवरील जुने बंदर असलेल्या महाड येथील चवदार तळ्याचे आहे. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत झाला व महाड नगरपालिकेने तळे खुले असल्याचे १९२४ मध्ये जाहीर केले. व्यवहारात काही बदलले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व परिषदेला आलेले प्रतिनिधी तळ्यावर गेले व त्यांनी पाणी प्याले. त्यानंतर प्रतिनिधींवर हल्ला झाला. पुढे सनातनी मंडळींनी तळे ‘बाटले’ असे ठरवून पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून त्याची ‘शुद्धी’ केली.

या तळ्यात कोणी बुडवले गेले नव्हते, खून झाला नव्हता. काही माणसांनी ओंजळीने पाणी प्यायले, एवढीच घटना. मुसलमान व इतर धर्मीय त्या तळ्याचे पाणी वापरत होते, जनावरे पीत होती, आणि तेव्हा शुद्धीची गरज कोणाला भासली नव्हती. म्हणजे ‘अनिष्ट अंश’ पाण्यात नव्हता. तो पाहणाऱ्याने ठरविला होता. डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरली व २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्य मानलेल्यांना पाण्यापासून वंचित ठेवणारी कोणतीही अनादी रूढी सिद्ध होत नसल्याचा निकाल दिला. आज २० मार्चला राज्याच्या कानाकोपऱ्यांतून लोक महाडला येतात. ज्या घटनेमुळे तळे बाटले असे एका गटाने म्हटले, त्याच घटनेमुळे ते दुसऱ्या बहुसंख्य लोकांना तीर्थासारखे झाले. पाणी तेच आहे.

एकाच प्रकारच्या घटनेतून वेगवेगळ्या जागी वेगळे फळ निघते, हे इतरत्रही दिसते. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या आक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला व आठ आंदोलक हुतात्मा झाले. अकाली, हिंसक मृत्यू हा लोकसमजुतीप्रमाणे बाधेचा हमखास मसाला. तरीही चिरनेर हे स्मृतिस्थळ झाले आणि दरवर्षी तेथे मानवंदना दिली जाते. दिवेआगर येथे सुवर्णगणेशाच्या मंदिरात मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, तेव्हा दोन रखवालदारांचा खून झाला. मूर्ती गेल्याने गावाचे पर्यटन ओसरले, पण देऊळ ओस पडले नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथे पुन्हा गणेशाची प्रतिष्ठापना झाली. ज्या मृत्यूला समाज नाव, कारण आणि दरवर्षीचा एक दिवस देतो, त्याचे भूत सहसा होत नाही. ज्याची चौकशी होत नाही, ज्याबद्दल उघड बोलता येत नाही, विशेषतः घरातल्या सुनांचे विहिरीतले मृत्यू, त्यांच्या जागा मात्र ‘वाईट’ होतात. अशा विहिरीला हडळ चिकटली की ‘ती पडली कशी’ हा प्रश्न मागे राहतो.

वैज्ञानिक विचार

जड वस्तू घटना साठवून ठेवते, असे म्हणणारे पाश्चात्त्य जगातही झाले. गणकयंत्राचा आद्य कल्पक चार्ल्स बॅबेज याने १८३७ मध्ये हवा हे उच्चारलेल्या सर्व शब्दांचे ग्रंथालय आहे, अशी कल्पना मांडली. १९७२ मध्ये बीबीसीने दाखविलेल्या ‘द स्टोन टेप’ या नाटकामुळे दगडाच्या भिंतीत प्रसंग मुद्रित होतात, ही कल्पना लोकप्रिय झाली व पुढे ती ‘सिद्धान्त’ म्हणून सांगितली जाऊ लागली. त्यामागे कोणतीही ज्ञात प्रक्रिया नाही.

माणसांना विशिष्ट जागी अस्वस्थ वाटते, हे मात्र खरे असून त्याची कारणे शोधली गेली आहेत. इंग्लंडमधील अभियंता व्हिक टँडी याने आपल्या प्रयोगशाळेतील ‘भुताचा’ माग काढला असता एका पंख्यामुळे सुमारे १९ हर्ट्झचा, कानांना न ऐकू येणारा ध्वनी निर्माण होत असल्याचे आढळले. पुढे लंडनमध्ये क्रिस्टोफर फ्रेंच व सहकाऱ्यांनी (२००९) मुद्दाम तयार केलेल्या खोलीत असा ध्वनी व चुंबकीय क्षेत्र वापरून पाहिले. चमत्कारिक अनुभव अनेकांना आले, परंतु त्यांचा संबंध ध्वनीशी वा क्षेत्राशी न लागता सूचनेला बळी पडण्याच्या प्रवृत्तीशी लागतो, असे त्यांचे मत पडले. रिचर्ड वाइझमन यांनी हॅम्प्टन कोर्टचा राजवाडा व एडिंबरोची तळघरे येथे केलेल्या पाहणीत ठरावीक कोपऱ्यांतच अनुभव अधिक आल्याचे व त्यांचा मेळ प्रकाश, खोलीचा आकार अशा गोष्टींशी बसत असल्याचे दिसले. बंद घरात कोळसा वा लाकूड जळताना तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड हे आणखी एक कारण होय; त्याने डोके दुखते, छातीवर दडपण येते व भासही होतात. कोकणातील बंद, ओलसर, माजघरात उजेड न येणाऱ्या जुन्या घरांचा विचार करताना हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

भारतीय वाचकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे संशोधन कृष्णा सावनी, मुंबई विद्यापीठातील सतीशचंद्र कुमार, एन. व्ही. आर. नायडू व कॅरल ड्वेक यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. माणसाच्या भावनांचा अवशेष खोलीत उरतो का, याविषयी भारतीय व अमेरिकी लोकांच्या धारणा त्यांनी तपासल्या. भारतीयांनी ही धारणा अधिक मोकळेपणी मान्य केली. अमेरिकी सहभागीही तिच्यापासून पूर्णतः मुक्त नव्हते. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी दाखविल्याप्रमाणे, दुष्ट माणसाने घातलेला स्वेटर धुऊन दिला तरी अनेकांना तो अंगात घालवत नाही. स्पर्शाने गुणदोष संक्रमित होतात, ही मनाची फार जुनी सवय आहे. ती असणे म्हणजे अडाणीपणा नव्हे; तिच्या आधारे दुसऱ्याचे नुकसान करणे हा वेगळा प्रश्न आहे.

उपाय, भगत आणि कायदा

बाधा निवारण्याचे रूढ उपाय पुष्कळ आहेत. नव्या घराची वास्तुशांत आणि उदकशांत पुरोहिताकडून होते, तर नारळ उतरविणे, देवाला कौल लावणे, गाऱ्हाणे घालणे, राखण देणे ही कामे गुरव, भगत किंवा देवऋषी करतात. यांतील बहुतेक विधी निरुपद्रवी असून हादरलेल्या कुटुंबाला ते धीर देतात, हे नाकारता येत नाही. उपद्रव सुरू होतो तो भगत जागेचा दोष माणसावर ढकलू लागतो तेव्हा. ‘घरात कोणाच्या तरी पायगुणाने हे झाले’ असे निदान झाले की बोट बहुधा विधवेकडे, नव्या सुनेकडे किंवा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडे वळते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या प्रकारांविरुद्ध कायद्याची मागणी दीर्घकाळ लावून धरली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यावर राज्य शासनाने काही दिवसांतच वटहुकूम काढला व त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरविणे, गुप्तधनासाठी अघोरी कृत्ये करणे हे या कायद्याने गुन्हे आहेत. जागेत भूत आहे असे मानणे हा गुन्हा नाही, आणि वास्तुविषयक वा ज्योतिषविषयक सल्ला देणेही त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे.

कथा-कादंबऱ्या आणि पडदा

नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांच्या भयकथांनी पछाडलेले घर मराठी वाचकांच्या परिचयाचे केले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेनंतर कोकण म्हणजे भुतांचा मुलूख हे समीकरण शहरी प्रेक्षकांत अधिकच पक्के झाले. ती मालिका सिंधुदुर्गातली. पण तिची छाया अलिबागच्या बंगल्यांवरही पडते.

घर-जमिनीचे व्यवहार

मुंबईकरांच्या दुसऱ्या घरांमुळे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन भागांत जमिनीची मागणी वाढली आणि ‘जागा कशी आहे’ या प्रश्नाला पैशाचे परिमाण आले. मोक्याची जमीन स्वस्तात मिळावी म्हणून ती बाधित असल्याची आवई उठविणे आणि घरात घडलेला मृत्यू गिऱ्हाइकापासून लपविणे, असे दोन्ही मार्ग अशा व्यवहारांत मोकळे असतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे खरेदीदाराला सहज न कळणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगणे बंधनकारक आहे; घरात पूर्वी मृत्यू झाला होता हे त्यात येते, असे कलमात म्हटलेले नाही. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९९१ मध्ये एका खटल्यात, घरमालकिणीने स्वतःच घरात भुते असल्याचा गाजावाजा केलेला असल्यामुळे खरेदीदाराला व्यवहार रद्द करण्याची मुभा दिली होती. जपानने २०२१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांनुसार भाड्याच्या घरात आत्महत्या वा खून झाला असेल तर सुमारे तीन वर्षे ते सांगावे लागते. वार्धक्याने आलेला नैसर्गिक मृत्यू सांगण्याची आवश्यकता नाही.